वेशींच्या नावांत दडलेला इतिहास

अमरावतीत नव्याने आलेल्या माणसाला पत्ता शोधताना एक कोडे हमखास पडते. माताखिडकी, पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी अशी नावे त्याच्या कानावर येतात. प्रत्यक्षात समोर दिसतो तो वर्दळीचा रस्ता. शहराच्या तटबंदीतील लहान दरवाजाला पूर्वी खिडकी म्हणत, हे ठाऊक असले की कोडे सुटते. जुन्या वस्त्यांच्या इतिहासावर होणाऱ्या व्याख्यानांचे मोल नेमके येथे आहे. रोज उच्चारल्या जाणाऱ्या नावांचा विसरलेला अर्थ ती नागरिकांना परत देतात.

परकोटाची कथा

अमरावतीच्या परकोटाचे बांधकाम १८०७ मध्ये निजामाच्या अमलात सुरू झाले. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू होता. वीस ते सव्वीस फूट उंचीची आणि सुमारे सव्वादोन मैल घेराची ही दगडी भिंत. तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबा दरवाजातून देवीच्या मंदिराकडे जाता येई, तर नागपुरी आणि खोलापुरी हे दरवाजे त्या त्या गावांच्या वाटेची खूण होते. थोडक्यात, दरवाजांची नावे हाच त्या काळचा मार्गदर्शक नकाशा होता.

एवढ्या संरक्षणाची गरज भासावी इतकी संपत्ती या गावात आली कोठून? याचे उत्तर काही अंशी अकोल्यात सापडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील तालुकदाराच्या जाचाला कंटाळून अकोल्याचे बहुसंख्य रहिवासी अमरावतीस येऊन राहिले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. पुढे कापसाच्या व्यापाराने अमरावतीला भरभराट आली. रेल्वे येण्यापूर्वी, १८४२ मध्ये, येथील एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादलेला कापूस खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्यास पाठविल्याचे सांगितले जाते.

सर्वच आठवणी अभिमानाच्या नाहीत. खुनारी खिडकीचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रक्तपाताची आठवण देते. त्या चकमकीत सातशे माणसे ठार झाल्याची नोंद आहे. असे नाव पुसून टाकण्याचा मोह होऊ शकतो. पण नाव पुसले म्हणजे त्या घटनेतून घ्यायचा धडाही पुसला जातो.

अकोल्याच्या वेशी

मोर्णा नदीकाठच्या जुन्या अकोल्यातही हाच प्रकार आढळतो. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून येथील किल्ल्याला असदगड म्हणतात. दहीहांडा वेस आणि आगर वेस ही नावे जिल्ह्यातील त्याच नावांच्या गावांवरून आलेली. १८०३ मध्ये, अडगावच्या लढाईपूर्वी, आर्थर वेलस्ली याने अकोल्यात काही काळ तळ दिला होता. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी हा किल्ला पाडून टाकला. आज उरले आहेत ते त्याचे अवशेष.

आगर वेशीवरील मराठी शिलालेख अभ्यासकांना सावध करणारा आहे. गोविंद आप्पाजी याने १८४३ मध्ये किल्ला बांधल्याचे त्यात म्हटले आहे. येथील इतर लेख मात्र औरंगजेबाच्या काळाकडे बोट दाखवितात. दगडावर कोरलेले विधानही पारखून घ्यावे लागते. मग ऐकीव गोष्टींची काय कथा?

वारसा कोणाचा?

मोहल्ल्याचा इतिहास सांगताना वाडे, वेशी आणि देवळे यांपाशी थांबण्याची सवय आपल्याला जडली आहे. अंबा दरवाजाबाहेरील मंदिराचा महिमा सांगताना कृष्णाने रुक्मिणीचे हरण येथूनच केले, ही आख्यायिका आवर्जून येते. मात्र त्याच मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने चळवळ झाली आणि त्यासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, हेही त्याच श्वासात सांगितले गेले पाहिजे. ज्यांना एके काळी दाराबाहेर उभे राहावे लागले, त्यांच्या आठवणींवाचून त्या दाराचा इतिहास अपुराच राहील.

अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला जलाभिषेक केला जातो. वारसा केवळ दगडमातीत नसतो, तो पायांखालच्या वाटेतही असतो, याचे हे जिवंत उदाहरण. दरवर्षी ती वाट तुडविणाऱ्यांकडेही सांगण्यासारखे पुष्कळ असते.

नोंद हवी, आजच हवी

यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून प्रांताचा मोठा पट मांडला. मोहल्ल्यांचा लहान पट मात्र अद्याप बव्हंशी ज्येष्ठांच्या स्मरणातच आहे, आणि स्मरणाला वयाची मर्यादा असते. म्हणून अशी व्याख्याने टाळ्यांनिशी संपू नयेत. वक्त्याचे भाषण ध्वनिमुद्रित करावे. श्रोत्यांतील वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, बोलते करावे. सांगितलेली प्रत्येक गोष्ट नगर भूमापनाचे नकाशे, जुनी खरेदीखते, छायाचित्रे आणि शिलालेख यांच्याशी ताडून पाहावी. जे जुळेल ते इतिहास म्हणून आणि जे जुळणार नाही ते आख्यायिका म्हणून, पण दोन्ही लिहून ठेवावे.

भिंत पडली तर तिची छायाचित्रे तरी राहतात. माताखिडकीला हे नाव का पडले, हे सांगणारा शेवटचा माणूस गेल्यावर मात्र त्या नावाचा केवळ उच्चार उरेल.