फळाची साल आणि कॅमेऱ्याचा डोळा

बाजारांत ढोबळी मिरची घेतांना आपण ती उलटसुलट करून पाहतों, देठ ताजा आहे कीं नाहीं याची खात्री करून घेतों आणि पिशवींत टाकतों. तिच्या अंगावरील खाचा, वळसे आणि कांति यांकडे घटकाभर टक लावून पाहण्याचें आपणांस कारणच पडत नाहीं. अन्नाकडे अशा दृष्टीनें पाहावयास छायाचित्रणानें शिकविलें; परंतु खुद्द कॅमेऱ्याला ही दृष्टि येण्यास बराच काळ लागला.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जाहीर झाली. क्रिमियाच्या युद्धाचीं चित्रें घेऊन नांवारूपास आलेल्या रॉजर फेंटन या इंग्रज छायाचित्रकारानें १८६० सालीं द्राक्षें, पीच, अननस अशा फळांच्या राशी मांडून त्यांचीं चित्रें घेतलीं. अननसाचा खवला न् खवला त्यांत मोजून घ्यावा! रंगाचा मात्र तेथें घोटाळा होता. त्या काळची कलोडियनची ओली कांच निळ्या प्रकाशास तेवढी जागी होई. तांबडा आणि पिवळा तिला जवळजवळ दिसतच नसत. त्यामुळें लालभडक फळ चित्रांत काळवंडून उतरे. कांचेवरील लेपांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळल्यास तिला इतर रंगांचीहि जाणीव होते, हा शोध बर्लिन येथें फोगेल यांनीं १८७३ सालीं लावला.

प्रत्यक्ष रंग कागदावर नव्हे, तर कांचेवर उतरले ते बटाट्याच्या कृपेनें. ज्या ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं दाखविण्यांत आलीं, त्यांनींच १९०७ सालीं ‘ऑटोक्रोम’ ही रंगीत चित्रांची कांच विक्रीस आणली. बटाट्याच्या पिठाचे, सुमारें एक शतांश मिलिमीटरचे, अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून ते कांचेवर पसरीत आणि मधल्या फटी काजळीनें बुजवीत. प्रत्येक कण रंगीत गाळणीचें काम करी. फळाचा रंग दुसऱ्या एका खाद्यपदार्थाच्या कणांतून गाळून घ्यावा, हा योग मोठा मौजेचा!

तथापि, या विषयांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र बिनरंगीच आहे. एडवर्ड वेस्टन यांनीं कॅलिफोर्नियांतील कार्मेल गांवीं ऑगस्ट १९३० मध्यें ढोबळ्या मिरच्यांचीं चित्रें एकामागून एक घेतलीं. त्यांतील तिसाव्या क्रमांकाच्या चित्रासाठीं त्यांनीं मिरची पत्र्याच्या नरसाळ्यांत ठेविली. आंतील पत्र्यावरून परतलेला प्रकाश तिच्या सालीवर चहूंकडून मऊपणें पसरला. काम वाटतें तेवढें सोपें नव्हे. वस्तु मूळ आकाराएवढी टिपावयाची तर भिंग आणि फिल्म यांमधील अंतर दूरच्या देखाव्याला लागतें त्याच्या दुप्पट करावें लागतें, आणि मग प्रकाश चौथाईच उरतो. शिवाय इतक्या जवळून पुढचा फुगवटा रेखीव आला तर मागची बाजू पुसट होते. ती स्पष्ट यावी म्हणून भिंगाचें छिद्र अगदीं बारीक करावें, तर प्रकाश आणखी घटतो. म्हणून मिनिटांमागून मिनिटें कॅमेरा उघडा ठेवावा लागे. चित्र पाहून कोणास मिठी मारलेलीं माणसें दिसतात, कोणास पाठमोरा मल्ल. मला मात्र ती मिरचीच दिसते, आणि रंगाच्या कितीएक चित्रांहून ती अधिक खरी वाटते.

अन्नाचें जवळून घेतलेलें चित्र पुढें जाहिरातवाल्यांच्या हातीं गेलें. अमेरिकेंतील कॅम्बेल कंपनीच्या एका जाहिरातींत सूपाच्या वाडग्याच्या तळाशीं कांचेच्या गोट्या घातल्या होत्या. त्यामुळें भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप दाट दिसे! तेथील व्यापार आयोगानें १९७० सालीं या प्रकारास मनाईचा हुकूम दिला. कॅमेऱ्यानें खोटें कांहींच सांगितलें नव्हतें. जें समोर मांडलें तें त्यानें इमानानें टिपलें होतें.

वेस्टन यांच्या नरसाळ्यांत गोट्या नव्हत्या. कॅमेऱ्यापुढें बसून बसून मिरची सुकूं लागली कीं तिची रवानगी कोशिंबिरींत होई. आपल्याच नमुन्यांना खाणारा नरभक्षक म्हणून आपली थट्टा होते, असें त्यांनीं रोजनिशींत लिहून ठेविलें आहे.