एर्दोआन खरंच बदलले होते का?

३ नोव्हेंबर २००२ला तुर्कस्तानच्या निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा आमच्या घरात त्यावर दोन मतं होती. अब्बा खूश होते. "खलिफांच्या मुलखात अखेर नमाजी माणूस आला," असं म्हणाले. माझे एक सुधारणावादी स्नेही त्या दिवशी घरी आले होते. गुजरातच्या दंगलींना वर्षही उलटलं नव्हतं आणि धर्माचं नाव घेऊन सत्तेवर येणाऱ्या कुठल्याही पक्षाची त्यांना धास्ती वाटत होती. "केमाल पाशांनी कमावलेलं हा माणूस घालवून बसेल," असं त्यांचं म्हणणं.

तुर्कस्तानात काय होतं याची फिकीर आपल्याकडच्या मुसलमानांना जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी खिलाफतीसाठी मुंबईत मोठमोठ्या सभा झाल्या. भायखळ्याचं खिलाफत हाऊस ही त्याची खूण. पण ३ मार्च १९२४ला खिलाफत रद्द केली ती तुर्कांच्याच संसदेने. तेव्हापासून आपल्यात दोन तट आहेत. एकाला तुर्कस्तान म्हणजे हरवलेली शान वाटते, तर दुसऱ्याला आधुनिकतेचा धडा.

त्या दिवशी दोघेही एकच प्रश्न विचारत होते. रेजेप तय्यिप एर्दोआन आपल्या विचारसरणीप्रमाणे राज्य करतील की व्यवहार पाहून?

शंका घ्यायला कारण होतं. एर्दोआन हे नेजमेत्तिन एर्बाकान यांचे शिष्य. एर्बाकान १९९६मध्ये पंतप्रधान झाले आणि पहिल्याच काही महिन्यांत इराण आणि लिबियाच्या दौऱ्यावर गेले. २८ फेब्रुवारी १९९७ला लष्कराने राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीत त्यांच्यापुढे मागण्यांची यादी ठेवली आणि जूनमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षावरच बंदी आली. एर्दोआन यांनी १९९४पासून इस्तंबूलचे महापौर म्हणून पाणी आणि कचऱ्याच्या कामात नाव कमावलं होतं. एका सभेत कविता म्हटल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि १९९९मध्ये चार महिने तुरुंगात काढावे लागले. बाहेर आल्यावर २००१मध्ये त्यांनी गुरूची साथ सोडून नवा पक्ष काढला आणि आपण बदललो आहोत, असं सांगितलं.

नव्या पक्षाला ३४ टक्के मतं मिळाली आणि ५५० पैकी ३६३ जागा. दहा टक्क्यांच्या अटीमुळे बाकीचे बहुतेक पक्ष संसदेबाहेर फेकले गेले. जिंकलेल्या नेत्याला स्वतःला मात्र निवडणूक लढवण्याची बंदी होती. अब्दुल्ला गुल पंतप्रधान झाले. मग घटनादुरुस्ती झाली, तीही विरोधी पक्षाच्या पाठिंब्याने, आणि मार्च २००३मध्ये एर्दोआन पोटनिवडणूक जिंकून पंतप्रधान झाले.

पुढची काही वर्षं माझे स्नेही चुकले असंच वाटत होतं. २००१च्या आर्थिक संकटानंतर आधीच्या सरकारने नाणेनिधीशी जो करार केला होता, तोच या सरकारने पुढे चालवला. महागाई उतरली. २००५च्या जानेवारीत लिरावरची सहा शून्यं काढून टाकली. फाशीची शिक्षा कायद्यातून पूर्णपणे गेली आणि ऑक्टोबर २००५मध्ये युरोपीय संघाशी प्रवेशाची बोलणी सुरू झाली. एर्बाकान यांना जे पटणं अवघड होतं, ते शिष्याने करून दाखवलं.

याच काळातल्या दोन घटना मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली १ मार्च २००३ची. इराकवर हल्ला करण्यासाठी अमेरिकी फौजांना वाट देण्याचा सरकारचा ठराव संसदेत पडला. बाजूने २६४, विरोधात २५०, पण १९ तटस्थ राहिल्यामुळे बहुमताला तीन मतं कमी पडली. सत्ताधारी पक्षाचेच कित्येक खासदार नेत्याच्या विरोधात गेले होते. दुसरी २००४ची. नव्या दंडसंहितेत व्यभिचाराला गुन्हा ठरवण्याचा विचार सरकारने पुढे आणला. देशातल्या महिला संघटना उठल्या, युरोपने डोळे वटारले, आणि तो विचार सोडून द्यावा लागला.

म्हणजे मनातलं मनातच होतं. पण नाही म्हणणारे होते. स्वतःचे खासदार, न्यायालयं, वृत्तपत्रं, युरोप, आणि लष्करही. यातल्या सगळ्यांचीच बाजू न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या मुलींना विद्यापीठाच्या दारात अडवणं हा अन्यायच होता. २००८मध्ये ती बंदी उठवणारी घटनादुरुस्ती न्यायालयाने रद्द केली आणि त्याच वर्षी सत्ताधारी पक्षावरची बंदी एका न्यायाधीशाच्या मताने टळली. लष्कराने निवडून आलेली सरकारं घालवावीत, याचं समर्थन कुठल्याही लोकशाहीवाद्याने करू नये.

पण लष्कर बाजूला झालं, तसे इतरही नाही म्हणणारे एकेक करून बाजूला केले गेले. २०१६च्या फसलेल्या बंडानंतर लाखाहून अधिक सरकारी नोकरांना काढलं. २०१७च्या सार्वमतात जेमतेम ५१ टक्क्यांनी अध्यक्षीय पद्धत आली. २०२०मध्ये आयासोफिया पुन्हा मशीद झाली. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारावर याच सरकारने सर्वांत आधी सही केली होती. २०२१मध्ये एका रात्रीत, अध्यक्षांच्या हुकमाने, तुर्कस्तान त्यातून बाहेर पडला.

सर्वांत बोलकी गोष्ट व्याजाची. दर उतरवायला नाखूश असलेले मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर एकामागून एक बदलले गेले. २०२१च्या अखेरीस एर्दोआन यांनी व्याजाबाबत धर्माच्या आज्ञेचा दाखला दिला. दर खाली आले, शून्य अर्थातच झाले नाहीत. ऑक्टोबर २०२२मध्ये महागाई सरकारी आकड्यानुसारच ८५ टक्क्यांवर गेली. भाकरी महागली ती दीनदार कुटुंबांचीही. २०२३ची निवडणूक जिंकल्यावर त्यांनी जुने अर्थमंत्री परत आणले आणि मार्च २०२४पर्यंत दर ५० टक्क्यांवर नेला गेला. धर्माज्ञा तीच होती, पण तिजोरीने नाही म्हटलं होतं.

अब्बा आज नाहीत. ते आणि माझे स्नेही दोघेही एर्दोआन यांच्या मनात काय आहे ते शोधत होते, आणि मीही तेच करत होतो. आता वाटतं, आमचा प्रश्नच चुकला. नेता व्यवहारी आहे का, हे त्याच्या स्वभावावरून कळत नाही. त्याला अडवणारं कोणी शिल्लक आहे का, हे पाहावं लागतं. आपल्याकडेही नवा नेता निवडून आला की मुसलमान मोहल्ल्यांत पहिला सवाल असतो, "हा आपल्याशी कसा वागेल?" सवाल रास्त आहे. पण त्याच्या जोडीला दुसराही विचारायला हवा. उद्या तो चुकला, तर त्याच्या पक्षात, संसदेत, कोर्टात नाही म्हणणारा कोण आहे? आणि नेता आपल्या आवडीचा असेल, तेव्हाही हा सवाल विचारायची आपली तयारी आहे का?