वाळले गवत : पाळीव सशाच्या आहारातील स्थान

पाळीव सशाच्या रोजच्या खाण्याचा मुख्य भाग म्हणजे वाळले गवत. फुलोऱ्याच्या सुमारास कापून उन्हात वाळवलेले, लांब काडीचे तृणवर्गीय गवत असा अर्थ येथे घेतला आहे. प्रौढ सशाच्या आहारात त्याचा वाटा ८० ते ८५ टक्के असावा, असे पशुवैद्यक सर्वसाधारणपणे सांगतात. पिंपरी-चिंचवडमधील वाकडसारख्या उपनगरात, जिथे शेतजमिनीवर निवासी संकुले उभी राहिली, तिथे सदनिकेतल्या सशापुढे गाजर, कोथिंबीर, पोळी आणि दुकानातले पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) सहज येतात. गवत मात्र मुद्दाम मिळवावे लागते. त्यामुळे ते ऐच्छिक मानले जाते. हा समज चुकीचा आहे. गवताचे मोल त्यातल्या पोषणापेक्षा त्याच्या लांब, चिवट तंतूंत आहे. हे लक्षात घेतले की कोणता पर्याय गवताची जागा घेऊ शकतो आणि कोणता नाही, याचा निवाडा सोपा होतो.

घरात पाळला जाणारा ससा ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या युरोपीय जातीचा असून त्याचे मूळ आयबेरियन द्वीपकल्पाच्या परिसरात आहे. मावळ-मुळशीच्या माळावर दिसणारा काळ्या मानेचा रानससा निराळ्या प्रजातीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण असल्याने तो घरी पाळता येत नाही. युरोपीय सशाचे शरीर निकस, तंतुमय गवतावर जगण्यासाठी घडलेले आहे. त्याच्या पचनमार्गाचा सुमारे ४० टक्के भाग एकट्या अंधनालाने, म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या पिशवीने, व्यापलेला असतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच अन्नाची प्रतवारी होते. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून मोठे तंतू पुढे ढकलले जाऊन कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण आणि द्रव मागे अंधनालात जातात, तेथे जंतू त्यांना आंबवतात आणि काही तासांनी द्राक्षाच्या घोसाप्रमाणे एकमेकींना चिकटलेल्या मऊ, चकाकत्या लेंड्या तयार होतात. ससा त्या गुदद्वारातूनच तोंडात घेऊन गिळतो व त्यांतून प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळवतो. जाड तंतू स्वतः फारसे पचत नाहीत, पण आतड्याची हालचाल त्यांच्यामुळेच चालू राहते. पोषणाचे काम बारीक कणांचे आणि यंत्रणा चालती ठेवण्याचे काम जाड तंतूंचे, अशी ही विभागणी आहे.

तंतू कमी पडले की ही व्यवस्था कोलमडते. आतड्याची हालचाल मंदावते, पोटातला ऐवज कोरडा होऊन साचतो, वायू धरतो, दुखू लागते आणि दुखते म्हणून ससा खाणे सोडतो. न खाल्ल्याने हालचाल आणखी मंदावते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले परत निघण्याचा मार्ग नसतो. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या किंवा कमी होणे ही पहिली खूण असते. दहा-बारा तास ससा खात नसेल आणि लेंड्याही टाकत नसेल, तर ती तातडीची स्थिती समजून त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे. पोळी, बिस्कीट, पाव यांतला पिष्टमय भाग दुहेरी नुकसान करतो. त्याने पोट भरते व गवत खाणे घटते. शिवाय नुकत्याच दूध सुटलेल्या पिलांत न पचलेले पिष्ट अंधनालात पोहोचून घातक जंतूंची वाढ होऊ शकते.

गवताने दात झिजतात, हे कारण सर्वांत जास्त सांगितले जाते. ते खरे आहे, पण जेवढे सरळ वाटते तेवढे नाही. सशाचे २८ही दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी ३२ सशांना चार गटांत वेगवेगळा आहार देऊन १७ महिने निरीक्षण केले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धान्य आणि पेलेट यांचे मिश्रण असलेली म्यूस्लीच ज्या गटाला दिली, त्यात खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेची लांबी व वक्रता वाढल्याचे आढळले. दुसरीकडे झुरिक विद्यापीठातील प्रयोगांत असे दिसले की आहार जितका खरखरीत तितकी दातांची वाढही जास्त होते, म्हणजे दात झिजेशी बरेचसे जुळवून घेतात. म्हणून दंतविकाराला केवळ मऊ खाणे जबाबदार, असे ठामपणे म्हणता येत नाही. जन्मजात जबड्याची ठेवणही कारण असू शकते. मात्र यामुळे गवताची बाजू लंगडी पडत नाही. दातांचा पुरावा बाजूला ठेवला, तरी आतड्याचा पुरावा एकटा पुरेसा आहे.

पेलेटच्या पाकिटावर तंतूंचे प्रमाण छापलेले असते, मग वेगळे गवत कशाला, हा पहिला आक्षेप. पेलेटमध्ये तंतू असतात हे खरे, पण ते दळून बारीक केलेले असतात. बारीक कण अंधनालाकडे वळतात आणि आतड्याला रेटा देणारा जाड भाग अपुरा पडतो. शिवाय वाटीभर पेलेट काही मिनिटांत संपतात. गवत चघळायला तास लागतात. मांसासाठी वाढवलेले ससे पेलेटवरच पोसले जातात, हा दाखला येथे गैरलागू आहे. त्यांचे आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचे असते, तर घरातल्या सशाने आठ-दहा वर्षे जगावे अशी अपेक्षा असते. दुसरा आक्षेप हिरव्या पाल्याचा. दोन किलोच्या सशाला दिवसाला ८० ग्रॅम कोरडा भाग लागतो असे धरू. सुमारे ९० ग्रॅम वाळल्या गवतातून तो मिळतो. कोथिंबीर-पालकात पाणीच सुमारे ९० टक्के असल्याने तेवढ्यासाठी जवळपास ८०० ग्रॅम पाला लागेल, आणि तरीही लांब काडी मिळणार नाही. ताजे हिरवे गवत हाच सशाचा नैसर्गिक आहार आणि वाळले गवत त्याची बदली, हे मान्यच केले पाहिजे. स्वच्छ हरळी रोज पुरेशी मिळत असेल तर उत्तमच. पण संकुलाच्या हिरवळीवर औषधे फवारलेली असतात, रस्त्याकडेचे गवत धूर आणि कुत्र्यांच्या मूत्राने दूषित असते, आणि यंत्राने कापलेल्या गवताचा ढीग काही तासांतच तापून आंबू लागतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा. टिमोथी हे थंड हवामानातले गवत परदेशातून येते, म्हणून महाग पडते. पण सशाला टिमोथीच लागते असे नाही, लांब काडीचे स्वच्छ गवत लागते. पुणे जिल्ह्यात चाऱ्याची वाण नाही, तरी त्यातला प्रत्येक प्रकार चालत नाही. लसूणघास सहज मिळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर.एल. ८८ हा त्याचा प्रसिद्ध वाण. पण तो द्विदल असून त्यात प्रथिने व कॅल्शियम भरपूर असते. ससा आहारातले कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषतो आणि जादा मूत्रावाटे टाकतो, त्यामुळे प्रौढ सशात मूत्राशयात गाळ वा खडे होण्याचा धोका वाढतो. वाढती पिले आणि दूध पाजणाऱ्या माद्या यांना लसूणघास योग्य. सहा महिन्यांनंतर तो कमी करत न्यावा. ज्वारीचा कडबा व भाताचा पेंढा धान्य काढल्यानंतरचे असल्याने अगदी निकस असतात. ते अंथरायला बरे. डोंगरउतारावरच्या कुसळी गवताची कुसळे तोंडात व डोळ्यांत रुततात.

चांगले गवत आपल्याकडे दुर्मीळ असण्याचे कारण ऋतुचक्रात आहे. मारवेल, पवन्या ही माळरानावरची चांगली गवते पावसाळ्याच्या शेवटी फुलोऱ्यात येतात. त्या वेळी कापावे तर वाळवायला ऊन नसते, आणि ऊन पडेपर्यंत गवत जून होऊन त्याचा कस जातो. रब्बीतल्या ओटला ही अडचण नाही. थंडीच्या कोरड्या दिवसांत तो फुलोऱ्यावर येतो, तेव्हाच कापला तर दाणा भरलेला नसतो, काडी मऊ राहते आणि उन्हात लवकर वाळते. राहुरीचा फुले हरिता हा चाऱ्यासाठीचा ओट महाराष्ट्रात घेतला जातो. कुट्टी न करता लांब काडीनिशी वाळवलेला असा ओट टिमोथीची जागा भरून काढू शकतो.

गवत घेताना ब्रँडपेक्षा रंग, वास आणि काडी पाहावी. हिरवट छटा, गोडसर वास, लांब काडी आणि धुळीचा अभाव या चांगल्या खुणा. काळे डाग वा कुबट वास असलेले गवत टाकून द्यावे. एका सशाला महिन्याला सुमारे तीन किलो गवत पुरते. ते हवाबंद प्लॅस्टिकमध्ये न ठेवता कापडी पिशवीत, जमिनीपासून उंचावर ठेवावे आणि पावसाळ्यात थोडे थोडेच आणावे, नाहीतर बुरशी धरते. पेलेटवर वाढलेला ससा गवत नाकारत असेल, तर त्याला उपाशी न ठेवता दोन-तीन आठवड्यांत पेलेट हळूहळू घटवावेत. ज्या घरी वर्षभर स्वच्छ गवताची सोय होऊ शकत नाही, त्या घरी ससा आणू नये. सोय आधी करावी, ससा नंतर आणावा.