रुधिराचे सगोत्र

रुबिडियम हे नाव लॅटिनमधील ‘रुबिडुस’ म्हणजे गडद तांबडा या शब्दावरून आले, आणि भाषाशास्त्रज्ञांनी मांडलेल्या वंशावळीप्रमाणे तो शब्द आपल्या ‘रुधिरा’चा सगोत्र ठरतो. प्रत्यक्ष धातू मात्र रुप्यासारखा पांढरा, सुरीने सहज कापला जाणारा आणि ३९.३ अंश सेल्सिअसला वितळणारा, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात बंद कुपीतच पातळ होऊन बसेल असा. कुपी फुटलीच तर हवेत आपसूक पेट घेईल, हे निराळेच. तेव्हा हे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या जातीचे प्रकरण आहे की काय, अशी शंका कोणालाही यावी.

तिचा उलगडा हायडेलबर्गला होतो. ड्यूर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात सीझियम सापडल्यानंतर वर्षभरात, १८६१ साली, रोबेर्ट बुन्सेन आणि गुस्ताव्ह किर्खोफ यांनी सॅक्सनीतील लेपिडोलाइट या जांभळट अभ्रकातून काढलेल्या द्रावात प्लॅटिनम क्लोराइड घातले, तेव्हा तळाशी पिवळा साका बसला. त्यात बहुतांश पोटॅशियमच. परंतु तो साका उकळत्या पाण्याने पुनःपुन्हा धुतला असता अधिक विद्राव्य असा पोटॅशियमचा क्षार निघून जाई, आणि उरलेला गाळ ज्योतीत धरून वर्णपटदर्शकातून पाहावे तो पोटॅशियमच्या रेषा फिकटत जाऊन दोन अनोळखी जांभळ्या रेषा उजळू लागत. अखेरीस तांबड्या टोकाला, जेथे मानवी दृष्टीची हद्दच सरते, तेथे आणखी दोन गडद रेषा उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेतील स्फोटात एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या बुन्सेनला दृष्टीच्या सीमेवरचा हा ऐवज गवसावा, याचे मला नेहमीच नवल वाटते. बारसे झाले ते या रेषांवरून.

निसर्गात या धातूचे समस्थानिक दोन: शंभरांत सुमारे ७२ अणू ८५ भाराचे व स्थिर, बाकीचे ८७ भाराचे. हे दुसरे इलेक्ट्रॉन टाकून स्ट्रॉन्शियम होतात खरे, परंतु निम्मे सरायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे घेतात. या संथपणापायीच पुरातन खडकांच्या आणि चंद्रावरून आणलेल्या दगडांच्या वयाचा दाखला या दोन मूलद्रव्यांच्या हिशेबातून काढता येतो.

तांबड्या रेषांना खरी चाकरी लागली ती घड्याळात. तेथील दिवा ८७ चा. त्याच्या प्रकाशरेषेचे बारकाईने पाहता दोन घटक पडतात, पैकी एक ८५ ची वाफ भरलेली कुपी नेमका अडवते, आणि दुसरा पुढच्या कुपीतील ८७ च्या अणूंना एकाच अवस्थेत लोटतो. मग सेकंदाला सुमारे ६८३ कोटी कंपनांचे सूक्ष्मतरंग सोडले, की ते अणू माघारी फिरतात आणि कुपीतून पार होणारा प्रकाश किंचित मंदावतो. त्या मंदावण्यावर घड्याळाची वेळ बांधलेली असते. भारताच्या दिशादर्शक उपग्रहांत पूर्वी अशी घड्याळे परदेशातून आणून बसवीत. अहमदाबादेत घडवलेले पहिले स्वदेशी घड्याळ २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून एनव्हीएस-०१ उपग्रहाबरोबर वर गेले.