टोपी पोसादाची, झगा रिव्हेराचा

हाडं, कवट्या, भुतंखेतं आणि धड समजत नाहीत अशा स्वप्नांची चित्रं जमवायची मला शाळेपासूनची खोड आहे. सुरुवात नारायण धारपांच्या पुस्तकांपासून झाली. पुढे बॉश आला, गोया आला, दाली आला, ‘एलियन’मधला प्राणी घडवणारा गीगर आला. मी स्वतः चित्रं काढतो आणि त्यांतही हाडांचा भरणा बराच असतो. “हे असलं अभद्र कशाला काढतोस?” हा प्रश्न मला नवीन नाही. उत्तर म्हणून मी नेहमी एका माणसाचं नाव पुढे करतो: मेक्सिकोचा होसे ग्वादालूपे पोसादा.

नाव अनोळखी वाटलं, तरी त्याचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. पिसं आणि फुलं लावलेली भलीमोठी टोपी घालून दात विचकणारी बाईची कवटी. तिला ‘कात्रिना’ म्हणतात, म्हणजे नटवी, श्रीमंती थाटाची बाई. टॅटूच्या दुकानांत, टी-शर्टांवर, हॅलोविनच्या मेकअपमध्ये ती सगळीकडे असते. तिचा अर्थही ठरलेला आहे: पोसादाने त्या काळच्या गर्विष्ठ श्रीमंतांची टर उडवली, कितीही नटा, शेवटी सगळ्यांची हाडंच. अर्थ छान आहे, पण चित्राचा इतिहास तसा नाही.

पोसादाचा जन्म १८५२ साली आग्वास्कालिएन्तेस या गावी झाला. त्रिनिदाद पेद्रोसाच्या छापखान्यात तो शिळाछापाचं काम शिकला आणि १८७१ मध्ये ‘एल हिकोते’ (गांधीलमाशी) नावाच्या स्थानिक पत्रात व्यंगचित्रं काढू लागला. पुढच्या वर्षी तो पेद्रोसाबरोबर लेओन शहरात गेला. १८८८ च्या जूनमध्ये लेओनला मोठा पूर आला आणि त्याच वर्षी पोसादाने मेक्सिको सिटी गाठली. तिथे त्याला आन्तोनियो वानेगास आरोयो हा प्रकाशक भेटला.

या प्रकाशकाचा धंदा समजल्याशिवाय पोसादा समजत नाही. पातळ, स्वस्त, बऱ्याचदा रंगीत कागदावर एक चित्र आणि खाली पद्य किंवा बातमी छापायची आणि फेरीवाल्यांनी ती रस्त्यात ओरडून विकायची. विषय खून, फाशी, भूकंप, देवाचे चमत्कार, प्रेमाची गाणी, मुलांचे खेळ. ज्यांना वाचता येत नसे ते चित्र पाहून कागद घेत आणि मजकूर दुसऱ्याकडून वाचून घेत. पोसादा धातूच्या पत्र्यावर कोरायचा. पुढे जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने चित्र उठवायची झटपट पद्धत त्याने वापरली. आज बातमी, उद्या कागद बाजारात, असा वेग होता. ही कला हातावर पोट असलेल्या कारागिराची होती.

२ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसासाठी खास कागद निघत. त्यांना ‘कालावेरा’ म्हणत. या शब्दाचा अर्थ कवटी आणि त्या दिवशी जिवंत माणसांवर लिहायचं थट्टेचं मृत्युपद्यही. म्हणजे मंत्री असो वा चपला शिवणारा, तो मेला आहे असं समजून त्याचे गुणदोष गाऊन टाकायचे. पोसादाच्या आधी मानुएल मानिया हे काम करत होता. पोसादाने त्या सांगाड्यांना सायकलवर बसवलं, घोड्यावर चढवलं, नाचायला लावलं. त्याचे सांगाडे मृत्यूबद्दल फारसं बोलत नाहीत. ते दारू पितात, भांडतात, बाजारात हिंडतात. जिवंतांच्या भानगडींतच त्यांना रस असतो.

आता कात्रिनाकडे. पोसादाच्या कागदावर तिचं नाव कात्रिना नाहीच, ‘गार्बान्सेरा’ आहे. गार्बान्सो म्हणजे काबुली चणा. मूळच्या रहिवासी समाजातल्या असून आपण युरोपीय आहोत असा आव आणणाऱ्या बायकांना हा टोमणा मारला जाई. कागदावरच्या मजकुराचा रोख तोंडाला पावडर फासून मिरवणाऱ्या मोलकरणींसारख्या पोरींवर आहे. आज नटताय, उद्या कवट्या व्हाल, असा त्याचा सूर. थोडक्यात, हे हसणं वरच्यांवर नव्हतं. पायरी सोडून वर बघणाऱ्या गरीब बाईला ते तिची जागा दाखवत होतं.

आणखी एक गोष्ट. तो कागद १९१३ चा आहे, आणि पोसादा त्याच वर्षी २० जानेवारीला वारला होता. म्हणजे चित्र त्याचं, पण खालचे शब्द त्याच्या मागे दुसऱ्या कुणी जोडलेले. त्याला गरिबांसाठीच्या फुकट जागेत पुरलं. सात वर्षांनी कुणी दावा केला नाही म्हणून हाडं उकरून सामाईक खड्ड्यात टाकली. सांगाड्यांच्या चित्रकाराचा सांगाडा आज कुठे दाखवता येत नाही.

नाव परत आलं ते चित्रकारांमुळे. फ्रान्सहून आलेल्या जाँ शार्लोने १९२५ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. १९३० मध्ये त्याच्या चित्रांचा जाड संग्रह निघाला आणि त्याची प्रस्तावना दिएगो रिव्हेराने लिहिली. शाळेत जाता-येता आपण पोसादाला काम करताना पाहत असू, असं ओरोस्कोने आत्मचरित्रात सांगितलं आहे. १९३८ मध्ये मेक्सिकोत येऊन गेलेल्या आंद्रे ब्रेताँने काळ्या विनोदावरच्या आपल्या संग्रहात त्याला मानाने जागा दिली. स्वप्नवादी मंडळींना जे खटपट करून मिळवायचं होतं, ते इथे फेरीवाल्याच्या हातात होतं.

मग १९४७ साली रिव्हेराने हॉटेल देल प्रादोसाठी ‘आलामेदा बागेतल्या रविवारच्या दुपारचं स्वप्न’ हे प्रचंड भित्तिचित्र रंगवलं. पोसादाच्या चित्रात फक्त डोकं आणि टोपी होती. रिव्हेराने तिला अंगभर झगा दिला, गळ्यात पिसांचा साप दिला, एका हाताला पोसादाला उभं केलं आणि दुसरा हात लहानग्या रिव्हेराच्या हातात दिला. कात्रिना या नावाने जग तिला ओळखू लागलं ते यानंतर. मोलकरीण मालकीण झाली आणि थट्टेची दिशा उलटी फिरली. पोसादाला क्रांतीचा अग्रदूत ठरवण्यातही रिव्हेराचा मोठा वाटा आहे. पण त्याच छापखान्याने हुकूमशहा दियासला विरोध करणाऱ्या मादेरोचीही कवटी करून विकली होती.

पुढचा प्रवास तुम्हाला माहीत असेल. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या बॉंडपटाच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत सांगाड्यांची भव्य मिरवणूक दिसते. अशी मिरवणूक तिथे निघत नव्हती. सिनेमा पाहून शहराने २०१६ पासून ती खरोखर काढली. त्याआधी २०१३ मध्ये डिस्नेने ‘दिया दे लोस मुएर्तोस’, म्हणजे सणाचं नावच, ट्रेडमार्क करण्यासाठी अर्ज केला होता. मेक्सिकन-अमेरिकन व्यंगचित्रकार लालो अल्काराझने मिकीचा अक्राळविक्राळ सांगाडा काढून त्याची खिल्ली उडवली. कंपनीने अर्ज मागे घेतला आणि पुढे ‘कोको’ या सिनेमासाठी त्यालाच सल्लागार म्हणून घेतलं.

मला हा सगळा प्रवास आवडतो, पण म्हणून कात्रिनाला निरागस समजता येत नाही. ‘मृत्यूपुढे सगळे सारखे’ हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं, पण ते कुणाला ऐकवलं जातंय यावर सगळं अवलंबून आहे. सरदाराला ऐकवलं तर ती चपराक असते. पहिल्यांदाच चांगली टोपी घेतलेल्या मुलीला ऐकवलं तर ‘टोपी काढ’ एवढाच त्याचा अर्थ उरतो. कवटी दोन्ही वेळा तशीच हसते. त्यामुळे अभद्र चित्रांबद्दल “हे का काढतोस?” यापेक्षा “हे कुणावर काढलंस?” हा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. आणि तो मला आजवर कुणी विचारलेला नाही.