एम. सी. स्टॅनची हिंदी आणि वलीचं गाव

12 फेब्रुवारी 2023 ला 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचा निकाल लागला. शेवटच्या दोघांत उरले होते अमरावतीचा शिव ठाकरे आणि पुण्याचा रॅपर एम. सी. स्टॅन. जिंकला स्टॅन. त्यानंतर चर्चा झाली ती त्याच्या 80 हजारांच्या बुटांची, गळ्यातल्या चेनची आणि शिव्यांची. त्याच्या हिंदीबद्दल मात्र लोक एवढंच म्हणाले की ती 'टपोरी' आहे.

माझ्या पीएच.डी.चा विषय आहे बोललेलं ओळखणारं सॉफ्टवेअर. नांदेड-लातूरची माणसं घरात, बाजारात, रिक्षा स्टँडवर जशी बोलतात तसं ते कॉम्प्युटरला कळावं, हा खटाटोप. इथल्या अनेक घरांत जी हिंदी बोलतात ती पुस्तकातली नाही, आणि स्टॅनची हिंदी तिच्या फार जवळची आहे. म्हणून आज एका रॅपरच्या निमित्ताने या भाषेचा इतिहास सांगते.

आधी माणूस. स्टॅनचं खरं नाव अल्ताफ. जन्म 30 ऑगस्ट 1999, पुणे. वाढला स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत. लहानपणी कव्वाली गायची, मग बीटबॉक्सिंग, मग रॅप, हा त्याचा रस्ता. 2018 मध्ये 'वाटा' या गाण्याने नाव झालं. त्याच सुमारास त्याने मुंबईच्या एमीवे बंटायला गाण्यातून डिवचलं आणि दोघांची जुंपली. लावणीच्या फडात सवाल-जवाब पाहिलेल्या आपल्या लोकांना हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. 2020 मध्ये 'तडीपार' हा अल्बम आला, 2022 मध्ये 'इन्सान'. चाल आणि बीट बरेचदा तो स्वतःच बनवतो.

'तडीपार' हा शब्द बघा. 1951 च्या पोलीस कायद्याखाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर घालवता येतं. कायद्याच्या पुस्तकात त्याला हद्दपारी म्हणतात. वस्तीत आणि पेपरात शब्द एकच, तडीपार. तडी म्हणजे काठ, नदीच्या काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. हिंदीत रॅप करणाऱ्या पोराला अल्बमचं नाव मराठी मातीतलं सुचतं, ही माझ्या दृष्टीने पहिली खूण.

दुसरी खूण 'शेमडी'. बिग बॉसच्या घरात त्याने हा शब्द इतका वापरला की उत्तर भारतातली पोरंही तो म्हणायला लागली. आपल्याला अर्थ विचारायची गरज पडली नाही. आपली शेंबडी ती.

पण शब्द कुणीही उसने घेतं. भाषेचं नातं कळतं ते व्याकरणावरून. आता नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत कानावर पडणारी हिंदी घ्या. 'मेरेकोच मालूम' यातला 'च' सरळ मराठीतून आलाय. 'नको' तर जसाच्या तसा. 'उनो आता बोलके बोला' या वाक्यातला 'बोलके' म्हणजे 'येतो म्हणून बोलला' मधला आपला 'म्हणून'. 'मैं खाना खाया' म्हणताना 'ने' लागत नाही. आणि 'अपन'. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही'. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूत हाच फरक 'मनम' आणि 'मेमु'. शाळेच्या हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. इथल्या हिंदीने मात्र 'अपन' ठेवला आणि फरक जपला.

या भाषेला नाव आहे: दखनी. पुण्याच्या वस्तीतली हिंदी म्हणजे हुबेहूब दखनी नव्हे. तिच्यात मुंबईची मिसळ आहे, मराठीचा वाटा जास्त आहे, नांदेडकडचं 'बातां', 'लोगां' असं अनेकवचन तिच्यात सहसा मिळत नाही. चुलत बहीण म्हणा. 1972 च्या दुष्काळात आणि नंतरही मराठवाड्यातून पुण्याकडे किती माणसं गेली हे तुमच्या-माझ्या गावात कुणालाही विचारा. माणसं जातात तेव्हा गाठोड्यात भाषाही जाते.

दखनी आली कुठून? 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. त्याच्यासोबत सैनिक, कारागीर, व्यापारी, सूफी आले आणि त्यांच्यासोबत दिल्लीच्या आसपासची बोली आली. 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि दख्खन दिल्लीपासून तुटलं. तिकडची बोली तिच्या वाटेने गेली, इकडची मराठी, तेलुगू, कन्नडच्या शेजारात वाढली. जीवशास्त्रात बेटावर अडकलेल्या प्रजातीचं जे होतं, तसंच काहीसं.

फरक एवढाच की हे बेट बंद नव्हतं. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यातला तुर्क याच वळणाचं बोलतो. विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' हा प्रकार आहे. बायकांनी जात्यावर दळताना म्हणायची ही दखनी गाणी. तिकडे जात्यावर चक्कीनामा, इकडे जात्यावर ओवी. ताल दोन्हीकडे दगडाच्या फेऱ्याचा. रॅपच्या इतिहासात बीटमशीनला मान आहे. आपल्याकडे बीट जात्याने दिला.

मग आला वली. जन्म 1667, औरंगाबाद. दिल्लीचे शायर तेव्हा फारसीत लिहीत. घरात बोलतो त्या भाषेत गझल लिहायची हे त्यांना हलकं वाटे. 1700 मध्ये वली दिल्लीला गेला. 1720 च्या सुमारास त्याचा दिवाण तिथे पोहोचला आणि शहर बदललं. लोक त्याच्या गझला म्हणू लागले, शायर आपल्या बोलीत लिहू लागले. उर्दू गझलेच्या इतिहासात त्याला आद्य पुरुषांत गणतात. हा माणूस आपल्या मराठवाड्याचा.

पुढे गंमत उलटी झाली. दिल्ली आणि लखनौने ती भाषा घासूनपुसून 'शुद्ध' केली आणि दखनी गावंढळ ठरली. निजामाच्या राज्यात उर्दू सरकारी भाषा होती, 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूत होतं. पण ती उर्दू पुस्तकी. 1948 नंतर शाळा मराठीत आल्या, ते योग्यच झालं. दखनीला मात्र आधी शाळा नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. तिच्या वाट्याला आला विनोद. 1965 च्या 'गुमनाम'मधला मेहमूद आठवा. नायक शुद्ध बोलतो, नोकर दखनी बोलतो आणि थिएटर हसतं. नांदेडला मुसलमान घरांत, दखनी शीख घरांत आणि बाजारात सगळ्यांच्याच तोंडी ही भाषा आहे. तरीही रेकॉर्डिंग करताना मी माईक पुढे केला की माणसं पहिल्यांदा काय म्हणतात? "हमारी हिंदी गंदी है मॅडम."

इथे रॅप येतो. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका घरगुती पार्टीत हिपहॉप सुरू झालं असं मानतात. ज्यांच्या इंग्रजीला शाळा चूक म्हणत होती, त्या पोरांनी तेच इंग्रजी गाण्यात आणलं. आपल्याकडे 2014 मध्ये कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडवर 'आफत' केलं. 2015 मध्ये तो आणि अंधेरीचा डिव्हाइन यांचं 'मेरे गली में' आलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लातूरच्या क्लासेसमधल्या पोरांच्या खिशात हे सगळं पोहोचलं. गाण्याला आता ना कंपनी लागत होती, ना रेडिओ, ना शुद्ध उच्चार तपासणारा कुणी साहेब.

सायन्सवाल्यांसाठी एक जोड. स्टॅनच्या आवाजात जी थरथर ऐकू येते ती ऑटोट्यूनची. 1997 मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचा डेटा तपासायचे. जमिनीखालून परतलेल्या लहरी वाचायचं गणित त्यांनी गळ्यातून निघालेल्या लहरींना लावलं. किल्लारीच्या जिल्ह्यात भूकंपलहरी हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो, पण त्याच गणिताचा हा दुसरा उपयोग.

आता, वलीपासून स्टॅनपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह होतो. मी ती ओढणार नाही. स्टॅनने वली वाचूनच गाणी लिहिली असं कुणी म्हणू नये. त्याच्या गाण्यांत बाईबद्दल जे येतं त्यातलं बरंच मला ऐकवत नाही, आणि भाषा वस्तीची आहे म्हणून ते माफ होत नाही. मार्च 2023 मध्ये इंदूरचा त्याचा कार्यक्रम शिव्यांवरच्या आक्षेपामुळे उधळला गेला. शिवीवर आक्षेप घ्यायचा तर घ्या, तो वाद शब्दांचा आहे. पण 'मेरेकोच' ही शिवी नाही, चूकही नाही. ते सातशे वर्षांचं व्याकरण आहे. लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात, तिथे माझी तक्रार आहे.

ही तक्रार हळवेपणाची नाही, कामाची आहे. मी एका ठिकाणी रेकॉर्डिंग लिहून काढायचं काम केलं, तिथे सूचना होती: बोलणाऱ्याची हिंदी लिहिताना 'दुरुस्त' करा. म्हणजे माणूस बोलला 'मैं देखा', लिहायचं 'मैंने देखा'. अशा डेटावर शिकलेल्या मशीनला नांदेडची आजी कधीच कळणार नाही. उद्या दवाखान्याची, बँकेची, रेशनची चौकशी बोलून करायची वेळ येईल, तेव्हा हेलपाटे आजीला पडतील आणि लोक म्हणतील, तिला बोलता येत नाही.

म्हणून माझ्या डेटात आम्ही जसं ऐकलं तसंच लिहितो. 'नको' ला 'नको', 'बोलके' ला 'बोलके'. प्रत्येक फाइलपुढे भाषेचं नाव लिहायचा रकाना असतो. आधीच्या नमुन्यात तिथे दोनच पर्याय होते, हिंदी आणि मराठी. आता तिसरा घातलाय: दखनी. पुढच्या लेखात 'च' हे अक्षर आवाजाच्या आलेखात कसं दिसतं ते दाखवेन. तोवर तुमच्या घरात, गल्लीत असे शब्द असतील तर खाली लिहा. गावाचं नाव टाका. दुरुस्त करू नका.