विराटपर्वाची नमुना-आवृत्ति

निबंध पुरा होण्यापूर्वींच जाणत्यांस दाखवावा, कीं छापून मग टीका सोसावी, हा प्रश्न आमच्या रत्नागिरीकडील निबंधवाचनांत अनेकदां निघतो. त्यासंबंधीं एक जुनें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे एके काळीं येथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या नांवानें पुण्यास १९१७ सालीं निघालेल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ त महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें. पोथ्या अनेक, पाठ परस्परविरुद्ध. कोणता पाठ मुळांत घ्यावा व कोणता तळटीपेंत ठेवावा, ही पद्धति आरंभींच चुकती तर पुढील सारींच पर्वें बिघडतीं. म्हणून नारायण बापूजी उटगीकर यांनीं संपादिलेलें विराटपर्व १९२३ त केवळ नमुना म्हणून छापण्यांत आलें, आणि त्याच्या प्रती देशांतील व परदेशांतील प्रमुख संस्कृतज्ञांकडे विनामूल्य धाडून त्यांचें स्पष्ट मत मागविलें. सबंध पर्व सिद्ध करून तें तात्पुरतें म्हणविणें, याला आमच्या मतें पांडित्याहून निराळें धैर्य लागतें. अभिप्राय एकंदरींत अनुकूल आले. परंतु मंदिरानें केवळ स्तुति जपून ठेविली नाहीं. आलेल्या सूचना पुढील कामांत बव्हंशीं स्वीकारल्या गेल्या, असें विष्णु सीताराम सुकथनकर आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत नमूद करितात. तें पर्व १९३३ त पूर्ण झालें. तेव्हां उटगीकर हयात नव्हते. विराटपर्व रघुवीर यांनीं नव्यानें संपादिलें, व तें १९३६ त प्रसिद्ध झालें.